परमवीराचें घर

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडीं अद्याप रुळलेल्या औरंगाबादेंत, राज्यशासनाची एक सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. ती १९७७ सालीं निघाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेसाठीं महाराष्ट्रांतून निवडलेले विद्यार्थी तेथें राहून तयारी करतात. आमचा नातू यंदा सातवींत आहे. त्याच संस्थेंत जावयाचें असें त्याच्या मनानें घेतलें आहे. त्यामुळें हल्लीं आमच्या घरीं सकाळीं पळीपंचपात्राच्या आवाजाच्या जोडीला दंडबैठकांचाहि आवाज असतो. परवां बैठका आटोपून, घाम पुसतां पुसतां तो आमच्यापुढें येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, परमवीरचक्र मिळालेला माणूस तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे का?"

"नाहीं, बाळ," आम्ही म्हणालों. "तें पदक बहुतेकांना मरणोत्तरच मिळतें."

"पण सगळ्यांना नाहीं. एकवीस जणांपैकीं सात जणांना जिवंतपणीं मिळालें. त्यांतले राणे तर पुण्यांतच होते. आणि तुम्ही शाळेच्या सहली पुण्यालाच नेत होतां ना?"

वाचकहो, उभा जन्म दुसऱ्यांस प्रश्न विचारण्यांत गेल्यावर असा एखादा प्रश्न उलटून अंगावर आला म्हणजे उत्तर सुचत नाहीं. आम्हीं नोकरींत असतां पुष्कळ वेळां मुलांची सहल पुण्यास नेली. शनिवारवाड्याचे बुरूज दाखविले, पर्वतीच्या पायऱ्या मोजून घेतल्या, सिंहगडावर तानाजीच्या समाधीपुढें मुलांस उभें केलें, आणि परत आल्यावर निबंधहि लिहून घेतले. त्याच पुण्यांत १९९४ च्या जुलै महिन्यापर्यंत मेजर रामा राघोबा राणे हयात होते. आमच्या सहलीच्या एकाहि टांचणांत त्यांचें नांव नव्हतें. गेलेल्या वीरांचे चिरे आम्हीं मुलांना दाखविले; जिवंत वीराचें दार मात्र दाखविलें नाहीं. ह्यांत दुसऱ्या कोणाचा दोष नाहीं. दोष आमचाच, आणि तो आतां भरून येण्यासारखा नाहीं. निदान त्या गृहस्थाची व त्याच्या घराची आठवण तरी ह्या पानावर करावी, एवढ्यासाठीं हा लेख.

राणे कारवारकडचे. चेंडिया हें त्यांचें गांव. जन्म २६ जून १९१८. त्या वेळीं कारवार हें मुंबई इलाख्यांत होतें, हें नव्या पिढीस सांगावयास हवें. वडील राघोबा हे पोलिसांत शिपाई. पोलिसाच्या नोकरींत बदल्या ठरलेल्या. त्यामुळें मुलाचें शिक्षण आज ह्या शाळेंत, तर उद्यां त्या शाळेंत, असें झालें. १९३० च्या चळवळीचें वारें ह्या बारा वर्षांच्या मुलाच्या कानांत शिरलें, तेव्हां सरकारच्या नोकरींतला बाप घाबरला आणि त्यानें कुटुंब चेंडियास परत आणलें. बापाच्या ह्या भीतीस कोणी हंसूं नये. ज्याच्या पगारावर चूल पेटते त्यास असें घाबरावें लागतें.

पुढें १० जुलै १९४० रोजीं राणे बॉम्बे इंजिनिअर्स ह्या पलटणींत भरती झाले. ह्या दलाचें ठाणें पुण्याजवळ खडकीस आहे. भरतीच्या तुकडींतील सर्वोत्तम जवान म्हणून त्यांस सेनाधिकाऱ्याची मानाची छडी मिळाली. तेथून ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. आराकानांतून माघार चालू असतां, शत्रूच्या हातीं पडूं नये असें सामान उडवून देण्यासाठीं त्यांची तुकडी बुथिडौंग येथें मागें ठेवण्यांत आली. नौदल येऊन त्यांस सोडवील असा बेत होता, तो फसला. तेव्हां जपान्यांचा पहारा असलेली नदी ह्या लोकांनीं आपल्याच हिकमतीवर ओलांडली आणि ते आपल्या सैन्यास येऊन मिळाले. साध्या जवानापासून एकेक पायरी चढत १९४७ च्या डिसेंबरांत राणे सेकंड लेफ्टनंट झाले, आणि पुढच्या चारच महिन्यांनीं ती प्रसिद्ध कामगिरी घडली.

ती कामगिरी कोणत्या जातीची होती, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण शौर्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तरवार उभी राहते. अभियंता दलाच्या सैनिकाचें काम रस्ता करण्याचें. मागून येणारें सैन्य सुखरूप जावें म्हणून त्यानें पुढें जावयाचें, जमिनींत पुरलेले सुरुंग हातांनीं शोधून काढावयाचे, आडवी टाकलेलीं झाडें दूर करावयाचीं, आणि हें सर्व करतांना शत्रूच्या गोळीस उत्तर देण्यास त्याचे हात मोकळे नसावयाचे. १९४८ च्या एप्रिलांत आपलें सैन्य जम्मू भागांतील नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालें होतें. राजौरी आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरांत हल्लेखोरांच्या हातीं गेली होती व तेथील लोकांचे हाल चालले होते. ८ एप्रिलला डोग्रा पलटणीनें बरवाली येथील डोंगरकणा घेतला. परंतु पुढचा रस्ता सुरुंगांनीं व अडथळ्यांनीं भरलेला असल्यामुळें रणगाडे जागच्या जागीं थांबले. राणे आपली तुकडी घेऊन सुरुंग काढूं लागले तोंच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, पांच जखमी झाले. त्या पांचांत राणे स्वतः होते. जखमेवर पट्टी बांधून त्यांनीं काम पुढें चालू ठेवलें. रणगाड्याच्या आडोशानें, सरपटत, ते सुरुंगांपर्यंत पोंचत. १० तारखेस पाइनचीं पांच मोठीं झाडें आडवीं टाकून शत्रूनें वाट बंद केली होती, भोंवतीं सुरुंग पेरले होते आणि वरून मशीनगनचा मारा होता. ती अडचण राण्यांनीं दोन तासांत दूर केली. ११ तारखेस सकाळीं सहा वाजतां सुरुवात करून अकरा वाजतां त्यांनीं चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला, आणि त्याच रात्रीं दहापर्यंत पुढच्या रस्त्यावर राबले. १२ एप्रिल रोजीं सैन्य राजौरीस पोंचलें.

येथें आमच्या शहरापुरती एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हें चिंगस गांव म्हणजे मोगलांच्या काश्मीर-वाटेवरील एक जुनी सराई. बादशहा जहांगीर १६२७ सालीं काश्मीरांतून परततांना वाटेंत वारला. देह लाहोरास नेईपर्यंत टिकावा म्हणून त्याचीं आंतडीं येथें पुरलीं, अशी परंपरा आहे, आणि गांवाचें नांवहि आंतडें ह्या अर्थाच्या फारशी शब्दावरून पडलें म्हणतात. मलिकंबरानें १६१० च्या सुमारास वसविलेलें आमचें गांव त्या वेळीं खडकी ह्या नांवानें ओळखलें जाई, आणि ह्याच जहांगीराच्या फौजेनें १६१६ सालीं तें लुटून जाळलें. एका खडकीची राख करणाऱ्या बादशहाच्या सराईपर्यंत तीनशें वर्षांनीं दुसऱ्या खडकींत तयार झालेला एक शिपाई पोंचतो, आणि तोहि जाळण्यासाठीं नव्हे तर वाट मोकळी करण्यासाठीं. नामसाम्य योगायोगाचें आहे हें आम्ही जाणतों. तरी मन तेथें क्षणभर थबकतें.

राण्यांच्या परमवीरचक्राची घोषणा १९५० च्या जून महिन्यांत झाली. काश्मीरच्या त्या पहिल्या युद्धांत हें पदक पांच जणांस मिळालें. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग आणि कंपनी हवालदार मेजर पीरू सिंग हे तिघे रणांत पडले होते. लान्स नाईक करम सिंग आणि राणे हे दोघे मात्र हयात होते. पुढें राणे मेजर होऊन १९६८ च्या जानेवारींत निवृत्त झाले, त्यानंतर पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत काम केलें, आणि ११ जुलै १९९४ रोजीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, पुण्याच्या लष्करी रुग्णालयांत त्यांनीं देह ठेवला.

एवढें सारें आम्हीं नातवास वाचून दाखविलें. शेजारींच आमच्या सौभाग्यवती गवार मोडीत बसल्या होत्या. त्यांनीं हातांतली शेंग तशीच धरून विचारलें, "तीन दिवसांचें एवढें सांगितलेंत, बाकीच्या शहात्तर वर्षांचें काय? घरीं कोण होतें त्यांच्या?"

प्रश्न रास्त होता. तेव्हां तेंहि शोधलें. राण्यांचा विवाह ३ फेब्रुवारी १९५५ रोजीं झाला. त्या वेळीं ते छत्तीस वर्षांचे होते. पत्नीचें माहेरचें नांव लीला. सासरीं त्या राजेश्वरी झाल्या. म्हणजे ह्या घरांत पदक आधीं आलें आणि गृहिणी मागाहून आली. ज्या दिवसांनीं पतीस नांव मिळालें ते दिवस तिनें पाहिले नव्हते; तिच्या वांट्यास आले ते पुढचे. शिपायाच्या संसाराचें वर्णन कोणत्याहि पदकाच्या मानपत्रांत नसतें, परंतु तो कसा असतो हें आपणांस ठाऊक आहे. बदलीचा हुकूम आला कीं पेट्या भरावयाच्या. मुलांच्या शाळा मोडावयाच्या. नव्या गांवीं दूधवाल्यापासून ओळख करून घ्यावयाची. आणि बिनकुटुंबी ठाण्यावर बदली झाली कीं एकटीनें घर ओढावयाचें. १९५५ ते १९६८ ह्या तेरा वर्षांत देशावर १९६२ आणि १९६५ अशीं दोन युद्धें येऊन गेलीं. लष्करी घरांतील स्त्रियांनीं त्या दिवसांत रेडिओवरील बातम्या कशा ऐकल्या असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी. पतीच्या पश्चात् त्याची हकीकत विचारावयास लेखक आणि पत्रकार येऊं लागले, तेव्हां त्या आठवणी सांगणाऱ्या राजेश्वरीबाईच होत्या. वीराची स्मृति टिकते ती पुष्कळदां अशी, बायकोच्या जिभेवर.

आतां ह्या पदकाचीहि हकीकत ऐका. तींतहि एक गृहिणीच आहे. परमवीरचक्राचें चित्र ज्यांनीं सिद्ध केलें त्या सावित्रीबाई खानोलकर. १९१३ सालीं स्वित्झर्लंडांत जन्मलेली ही परदेशी मुलगी विक्रम खानोलकर ह्या मराठी सेनाधिकाऱ्याशीं १९३२ सालीं विवाहबद्ध झाली, मराठी आणि संस्कृत शिकली, पुराणें वाचूं लागली आणि मनानें येथलीच झाली. स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल ह्यांनीं नव्या पदकांचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. सावित्रीबाईंस दधीचि मुनींची कथा आठवली. वृत्रासुराच्या वधासाठीं मुनींनीं आपल्या अस्थि दिल्या, त्यांचें इंद्राचें वज्र झालें. म्हणून परमवीरचक्रावर मध्यें राजमुद्रा आणि भोंवतीं चार वज्रें आहेत, फीत जांभळी. हें पहिलें पदक ज्यांच्या नांवें झालें ते सोमनाथ शर्मा पुढें सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीच्या नात्यानें दीरच लागत. पदक कल्पिणाऱ्या घरालाच त्या पदकाचा अर्थ सोसावा लागला.

दधीचीची कथा निघाली म्हणून आम्हीं कपाटांतून शिवपुराण काढलें. सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट एवढीच, कीं देवांनीं मागितलें आणि मुनींनीं दिलें. शतरुद्रसंहितेंत पुढची गोष्ट आहे. मुनींनीं देह ठेवला तेव्हां त्यांची पत्नी सुवर्चा जवळ नव्हती. ती परत येते तों पति नाहीं. देवांनीं काय नेलें हें तिला मागाहून कळतें. ती गरोदर होती. तिनें देवांस शाप दिला. दुःखानें ती पतीच्या मागोमाग जावयास निघाली, पण गर्भाचें रक्षण कर अशी आकाशवाणी झाली. तेव्हां तिनें त्या बालकास जन्म देऊन पिंपळाच्या आश्रयास ठेवलें आणि मग ती पतिलोकास गेली. तोच मुलगा पुढें पिप्पलाद ऋषि म्हणून प्रसिद्धीस आला.

हा भाग वाचून झाल्यावर घरांत कोणी बोलेना. मग आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "वज्राला अस्थि लागल्या हें सगळे सांगतात. ती घरीं आली तेव्हां घर रिकामें होतें, हें कोणी सांगत नाहीं."

चाळीस वर्षें संस्कृत शिकवून आम्हांस जें सुचलें नाहीं, तें त्या एका वाक्यांत बोलून गेल्या. देश ज्यास बलिदान म्हणतो, तें एकट्या माणसाचें कधींच नसतें. मागण्याच्या वेळीं देव मुनीस विचारतात. सुवर्चेस कोणी विचारीत नाहीं. आणि आम्हां पांढरपेशा कुटुंबांची तऱ्हा याहून निराळी नाहीं. सैन्य म्हणजे दुसऱ्याच्या मुलांचें क्षेत्र, असें मनांत कोठें तरी धरून आपण वागतों. निवृत्त सुभेदार गल्लींत राहावयास आला तर त्यास आपण 'फौजी' म्हणून ओळखतों, त्याचें नांवहि पुरतें विचारीत नाहीं. आणि सव्वीस जानेवारीस त्यास झेंड्यापाशीं पांच मिनिटें खुर्चीवर बसविलें कीं ऋण फिटलें असें समजतों. राण्यांची आठवण म्हणून कारवारच्या समुद्रकिनारीं २००६ सालीं त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ च्या २३ जानेवारीस अंदमानच्या एका बेटास त्यांचें नांव दिलें गेलें. त्यापूर्वीं त्यांच्या नांवाचें एक तेलवाहू जहाजहि होतें. हें सर्व योग्यच झालें. परंतु पुतळा, बेट आणि जहाज ह्यांपैकीं कोणीहि 'आपण जेवलांत का' असें विचारीत नाहीं. तें विचारणें शेजाऱ्याचें काम आहे.

वेळ फार थोडा उरला आहे, म्हणून हें लिहितों. १९७१ च्या युद्धांत जे अगदीं कोंवळे जवान होते त्यांनींहि आज सत्तरी ओलांडली आहे. १९६२ आणि १९६५ चे जे उरले आहेत ते ऐंशीच्या आसपासचे किंवा पलीकडचे. आपल्या नात्यांत, वाड्यांत, वसाहतींत असा कोणी वृद्ध असेल तर ह्या सुट्टींत मुलांस घेऊन त्याच्याकडे जावें. किती शत्रु मारले, असें मुलांना विचारूं देऊं नये. ज्यानें पाहिलें आहे त्यास तो प्रश्न बहुधा नकोसा असतो. पहिली बदली कोठें झाली, संसार किती पेट्यांत मावत असे, घरचें पत्र किती दिवसांनीं येई, तुकडींतला सर्वांत विनोदी माणूस कोण, असें विचारावें. तेंच सर्व त्याच्या पत्नीसहि निराळें बसवून विचारावें. उत्तरें वहींत तारखेसह लिहावीं, आणि जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागें माणसांचीं नांवें पेन्सिलीनें घालून ठेवावीं.

एक व्यवहाराची गोष्टहि सांगतों, कारण भावनेवर कोणाचें पोट भरत नाहीं. लीलेची राजेश्वरी होणें ही आपल्याकडची जुनी रीत. परंतु माहेरचें नांव एका कागदावर आणि सासरचें दुसऱ्यावर असें राहिलें, कीं पतीच्या मागें कुटुंबनिवृत्तिवेतन मिळवितांना म्हाताऱ्या बाईस कचेरींत खेटे घालावे लागतात. पति हयात असतांनाच सेवेच्या कागदांतील पत्नीचें नांव आणि जन्मतारीख ताडून पाहावी. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयांत ह्याची माहिती मिळते. शिकलेल्या शेजाऱ्यानें एक दुपार ह्या कामास दिली, तर ती पुतळ्यास घातलेल्या हारापेक्षां अधिक उपयोगाची होईल.

असो. आमच्या छावणी भागांत एक वृद्ध निवृत्त सुभेदार राहतात असें कळलें आहे. येत्या रविवारीं नातवास घेऊन त्यांच्याकडे जावयाचें ठरविलें आहे. काय विचारावयाचें ह्याची यादी तो करीत होता; आमच्या सौभाग्यवतींनीं ती पाहिली आणि वर स्वतःच्या अक्षरांत एक ओळ घातली: "आधीं आजींना नमस्कार." लाडवांचा डबाहि त्याच देणार आहेत. परमवीराच्या दारीं जाणें आमच्याकडून राहून गेलें. ह्या दारीं तरी वेळेवर पोंचूं, अशी आशा आहे.